ओढ्यापल्याडचं परराष्ट्र धोरण

किराणा दुकानाच्या पायरीवर माणसं सामान घ्यायला कमी आणि किस्से टाकून जायला जास्त येतात. दुकान आता पोरं बघतात, पण पायरीवरचा तो माल अजून माझ्याकडंच पडून हाय. त्यातला निजामाच्या काळातला थोडा देतो, घ्या!

आमचं गाव निजामाच्या मुलखात, ओढ्यापल्याडचं इंग्रजांच्या. मधी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. पण आम्हाला सरकारांनी न्हाय तोडलं हो, आमचं आम्हीच तोडून घेतलं! चैत्रातल्या यात्रेला दोन्ही गावच्या महादेवाच्या उंच काठ्या ओढ्यात भेटायच्या आणि एकमेकींपुढं लवायच्या. एका साली आधी कुणी लवायचं यावरून जुंपली. झालं! येणंजाणं, जेवणखाण, बोलणंचालणं, समदं बंद.

सगळ्यात जास्त लागलं ते बापूरावांना. पंचांचे म्होरके तेच, काठी धरायचा मानही त्यांचाच. आई लवकर गेली, तेव्हा थोरल्या गंगाअक्कानं त्यांना कडेवर वाढवलं. आणि अक्का दिलेली नेमकी पल्याडच्या गावात.

*

बंदी माणसाशी बोलायची होती, जनावराशी न्हाय! बापूराव रोज बैल पाण्यावर न्यायचे. पल्याडच्या काठाला अक्का म्हैस घेऊन उभी असायची.

"सर्ज्या, आपल्या पोरीला दात आले बरं का!" बापूराव बैलाला सांगायचे, चांगलं ओरडून.

"म्हशे, अंगात ताप न्हाय ना तिच्या, इचार की!" अक्का म्हशीला.

म्हैस आपली रवंथ करत उभी. नाक्यावरचा नवा शिपाई हे रोज बघायचा. शेवटी त्यानं मला विचारलंच, "शेठ, तुमारे लोगां जानवरां से इत्ती बातां कायकू करते?"

म्हटलं, "हुजूर, हमारे जानवरां लई समजदार हैं. नासमज हम हैं."

हसलो दोघंही. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला दुपारची भाकर गोड लागली न्हाय.

*

लढाईचे दिवस. बार्शीकडचा पेपर येडशी स्टेशनावरून फिरत फिरत आमच्या पायरीवर यायचा, तोवर चांगला शिळा झालेला. मी वाचायचो आणि रहीमचाचा शिंपी शिवता शिवता ऐकायचे. एकदा वाचलं, की तिकडं अमेरिकेत अध्यक्षाला दुसऱ्या देशाशी काही करायचं तर काँग्रेसचा होकार लागतो.

"काँग्रेस म्हंजे?" चाचा.

"त्यांचे पंच हो! अध्यक्षाचे सल्लागार एकेका मेंबराला गाठतेत आणि मन वळवतेत."

बापूराव पायरीवरच बसले होते. एकदम म्हणाले, "शिवाप्पा, मला पण सल्लागार पायजेत."

झालं! मी आणि चाचा तिथल्या तिथं नेमले गेलो. पगार न्हाय, आणि चहासुद्धा स्वतःच्याच घरचा!

पॉलिसी एकच होती. यंदा काठी ओढ्यात न्यायची, म्हणजे अक्काला माहेर मोकळं होईल. आमच्या पंचांची रीत अशी की ताटात सुपारी ठेवायची. ज्यानं उचलली त्याचा होकार, मग माघार न्हाय.

*

चाचांची पद्धत वेगळीच. मेंबराला दुकानात बोलवायचे आणि सदऱ्याचं माप घ्यायला लागायचे. "माप घेताना माणूस हालत न्हाय. पळून जात न्हाय. आयकावंच लागतं त्याला!" असं त्यांचं म्हणणं.

एक पंच असाच टेप गळ्याभोवती असताना कुरकुरला, "आन् आपली इज्जत?"

चाचा म्हणाले, "दोन्ही गावच्या काठ्यांची निशाणं मीच शिवतो भाऊ. कापड एकाच ताग्यातलं असतंय. इज्जत त्यातल्या कुठल्या तुकड्यात हाय, दाखवा, तेवढी जास्त शिवतो."

त्यानं टेप गळ्यात असतानाच सुपारी उचलली.

*

दुसरे पंच तात्या मात्र सदऱ्याला भुलले न्हाईत. तेव्हा आम्ही त्यांच्या घरीच गेलो. तात्या म्हणाले, "परक्या मुलखातल्या लोकांचा भरवसा काय धरायचा?"

आतून काशीबाईंचा, त्यांच्या कारभारणीचा आवाज आला. "व्हय का? मग परक्या मुलखातल्या बाईच्या हातचं कशाला गिळताव रोज?"

काशीबाई पल्याडचीच लेक! त्या गावची काठी धरायचा तो तिचा धाकटा भाऊ. बंदी झाल्यापासनं तिनंही त्याचं तोंड बघितलं नव्हतं. हे गावात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं हो, माझ्यासुद्धा न्हाय.

तिनं ताट तात्यांच्या पुढ्यात सरकवलं. भाकरीच्या जागी नुसती सुपारी!

*

राहिले नागप्पाअण्णा. कडक माणूस. आम्हाला बघूनच भडकले. "अय्यो शिवा! पुन्हा आले हे वकील! अरे, आपली काठी आधी लवायची न्हाय म्हंजे न्हाय! माझा जीव गेला तरी..."

बोलता बोलता सवयीनं हात ताटाकडं गेला आणि सुपारी तोंडात! कट्कन आवाज झाला.

अण्णा चावायचे थांबले. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा चाचांकडं.

"चांगल्यातली आणलीस का रे, शिवाप्पा?"

"व्हय अण्णा, खास तुमच्यासाठी."

"मग थुंकणार तरी कशी!" म्हणाले आणि राहिलेली चावून टाकली.

*

यात्रेचा दिवस उजाडला. आमची काठी निघाल्याचं ऐकून पल्याडनंही काठी आली. दोन्ही गावं वाळूत समोरासमोर उभी. इकडं बापूराव, तिकडं काशीबाईंचा भाऊ, दोघांच्याही कमरपट्ट्यात काठी खोचलेली. हलगी थांबली आणि लवंना कुणीच! ऊन डोक्यावर आलं. अशाच काठ्या माघारी फिरल्या तर भेट कायमची मोडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात तिकडच्या गर्दीतनं गंगाअक्का पुढं आली. मधी म्हैस नव्हती.

"बापू, लई वाळलास की रं!"

बापूराव सरळ चालत निघाले. काठीचं भानच न्हाय. अक्कापुढं वाकून त्यांनी पायाला हात लावला आणि काठीचा शेंडा वाळूला टेकला.

तिकडनं एकच गलका झाला. "लवली! निजामवाल्यांची आधी लवली!"

चाचांनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, संपलं सगळं.

गर्दी फोडून नागप्पाअण्णा पुढं झाले. "काठी कुठं लवली? भाऊ थोरल्या बहिणीच्या पाया पडला! काठी कमरंला होती, ती जाईल कुठं?"

तिकडचा काठीवाला जागीच उभा. त्यानं अण्णांकडं बघितलं, रडणाऱ्या अक्काकडं बघितलं. मग आमच्या बायकांच्या घोळक्यावर नजर फिरवली आणि हाक मारली,

"काशीअक्का, कुठं लपलीस गं? ये की म्होरं! माझ्यापण कमरंला काठीच हाय!"