काढलेल्या कुंडाचं पाणी

आधीच सांगून टाकतो — चमत्कार, साक्षात्कार, भुतंखेतं असल्या गोष्टींबद्दल मला काडीचाही आदर नाही. माझा धंदा वॉटरप्रूफिंगचा. संभाजीनगरातल्या कितीतरी बंगल्यांची गळकी छपरं मी दुरुस्त केलीत. 'भिंतीवर चेहरा उमटला हो' म्हणून एक अख्खं कुटुंब हात जोडून उभं होतं, तिथं वरच्या मजल्यावरचा फुटका पाइप दाखवून आलोय. तेव्हा खालचं वाचून मला भाबडा समजू नका... भाबडी माणसं मला सहन होत नाहीत.

आमचं कॅथलिक चर्च निजामाच्या काळातलं. परदेशी फादरांनी नकाशा काढला, आणि इथल्या पाथरवटांनी तो आपल्या मनाप्रमाणे बांधला. काळा दगड, चुन्याच्या दरजा, टोकदार कमानींच्या खिडक्या — आणि खांबांच्या माथ्यावर चक्क कमळं! मे महिन्यातसुद्धा आत शिरलं की अंग निवतं. दाराच्या उजव्या अंगाला, भिंतीत, पवित्र पाण्याचं कुंड होतं. घडवणाऱ्यानं असलं काही कधी पाहिलेलं नसावं, म्हणून त्यानं सरळ उखळ घडवून दिलं. आत येणारा त्यात बोटं बुडवणार, कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूसाची खूण करणार, आणि मगच पुढं जाणार. बोटं लागून लागून त्याचा काठ गुळगुळीत झाला होता.

मग आमची नूतनीकरण कमिटी आली. गाढवाला गुळाची चव काय! या शहाण्यांनी चुन्याच्या भिंतींना सिमेंट फासलं, दगडी फरशीवर घसरड्या टाइल्स बसवल्या आणि कुंड उखडून मागच्या अंगणात त्यात शेवंती लावली. कुंडाच्या जागी चकचकीत ग्रॅनाइट. पवित्र पाण्यासाठी समोरच्या भिंतीवर सेन्सरची बाटली — खाली हात धरला की फुस्स! सेक्रेटरी सायमनभाऊ ती बाटली येईल त्याला दाखवत होते, जसा काही त्यांनीच शोध लावलाय. कुंड परत बसवा म्हणून मी भांडलो, तर 'पुढच्या मीटिंगला विषय घेऊ' म्हणून मला वाटेला लावलं.

माझी खरी काळजी आईची होती. काचबिंदूनं तिची नजर गेलीय. लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हापासून ती याच चर्चला येते. आता एकटीनं चालत जावं अशी तिला हीच एक जागा उरलीय. दाराची चौकट, मग कुंड, मग खांब, मग बाक — चाचपत जाते, मला हात धरू देत नाही. "ज्या दिशी चर्चात मला वाट घावनार नाय, त्या दिशी मी घरीच बसंन," ती कधीच सांगून मोकळी झालीय. "कुनाच्या खांद्याला धरून देवाफुडं जायचं नाय मला."

काम चालू होतं तोवर मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. कुंड गेलं हे तिला सांगायची माझी काही छाती झाली नाही.

चर्च उघडलं तो रविवार. कडक ऊन, शहरात नळाला पाण्याचा पत्ता नाही. आईनं चौकट चाचपली आणि हात उजवीकडं नेला. मी मागं होतो. तिचा पंजा ग्रॅनाइटवर टेकला... आता सगळं संपलं, असं वाटून मी पुढं झालो. तोवर तिनं हात मागं घेऊन खूणही केली.

"पानी लई गार हाय रं आज," ती म्हणाली आणि खांबाकडं निघाली.

तिच्या कपाळावर थेंब होता. मनगटावरून ओघळ आला होता. मी ग्रॅनाइटला हात लावला — कोरडाठाक, शिवाय दारातल्या उन्हानं गरम.

घाम असेल, म्हणाल. मीही तेच म्हणालो. पुढच्या रविवारी गेटवरच 'माती लागलीय' म्हणून तिचा हात रुमालानं कोरडा केला. पुन्हा ओला! ओल मोजायचं यंत्र आणून भिंत तपासली, ठोकून पाहिली. आत पाइप नाही, पलीकडं मोरी नाही, चर्चची टाकीसुद्धा रिकामी. यंत्र म्हणालं, कोरडं. माझं पोट ज्या यंत्रावर चालतं, तेच.

एकदा सायमनभाऊंनी तिचा ओला हात पाहिला. "अहो, हा तर चमत्कार! बोर्ड लावू, पेपरवाल्यांना बोलवू!"

"ज्या हातांनी कुंड उखडलं, त्याच हातांनी बोर्ड लावणार? लाज वाटू द्या."

"बरं, मग आईंनाच विचारू की, त्यांना तिथं काय लागतं ते..."

ते खरंच तिच्याकडं निघाले. मी भर चर्चमध्ये त्यांची कॉलर धरली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची कॉलर धरली, आणि त्याचा मला अजून पस्तावा नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. आईला विचारलं तर कदाचित काही कळेलही. पण विचारायचं म्हणजे आधी तिला सांगावं लागेल, की तिथं काहीच नाहीये. आणि त्यानंतरच्या रविवारी तिच्या हाताला नुसती भिंतच लागली तर? म्हणून मी गप्प बसतो. दर रविवारी तिच्या मागं उभा राहतो, आणि ती पाण्याबद्दल काहीतरी बोलेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.