चौथ्या संपर्काने घात केला

हॅम रेडिओवाल्या मित्रांनो, आज फार चिडलोय, म्हणून घरी येताच लिहितोय.

पाथर्डीजवळच्या उघड्याबोडक्या डोंगरावर नऊ किलो सामान घेऊन चढलो. माथ्यावरून चौघांशी रेडिओवर संपर्क झाला, तरच आपल्या या छंदात चढाई नोंदली जाते. तिघांशी झाला. बॅटरी संपत आली होती.

तेवढ्यात कोपरगावचे एक काका लागले. "आवाज लई तुटतोय तुमचा. घ्या, पाच-नऊ!"

पाच-नऊ म्हणजे एकदम स्वच्छ, जोरदार सिग्नल.

मी म्हटलं, "काका, तुटतोय तर पाच-नऊ कसा? खरा आकडा द्या."

"अहो, मी सगळ्यांनाच देतो. लिहा की!"

"तसं नाही लिहिणार."

"मग तुमीच सांगा, किती देऊ?" काका हसले आणि माझा रेडिओ बंद पडला. दोघांनी एकमेकांना सिग्नलचा आकडा द्यावा लागतो, आणि मी त्यांना द्यायचा राहिलाच. संपर्क अपुरा, चढाई बाद.

शेजारी शेळ्या राखणाऱ्या मावशी म्हणाल्या, "एवढं काय भांडायचं? फोन लावा ना त्यांना."

"फोनवरचं धरत नाहीत, मावशी."

स्वतः शिकून, स्वतःच्या हाताने मी अँटेना बनवल्या. तुमच्या पाच-नऊंनी माझी संपर्कांची वही भरली आहे. आता खरं सांगा, त्यातले खरे किती होते?