एकच रेघ

परवा विद्यापीठात जुन्या कागदांचा बस्ता सोडला आणि वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला, तशी मला बुलढाण्याकडच्या एका तालुक्याची रेकॉर्ड रूम आठवली. अभिलेखशास्त्राची पदवी घेऊन मी तिथे जुन्या नोंदी तपासायला नुकतीच लागले होते. एक दिवस लोणारकडची एक बाई सासऱ्याच्या जन्मनोंदीची नक्कल मागायला आली. मुलीच्या जातीच्या दाखल्याला ती लागत होती, आणि कॉलेजप्रवेश त्यावर अडला होता. जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची वही, उघडलं, तर बाळाचं नाव खोडून वर दुसरंच लिहिलेलं. मी पुस्तकी रुबाबात नकलेच्या अर्जावर शेरा मारला, ‘खाडाखोड, नोंद अग्राह्य.’ बाई हळूच म्हणाली, ‘मंग पोरीले घरीच बसवू का?’ बस्ते बांधत बसलेल्या म्हाताऱ्या रेकॉर्ड कीपरनं वही स्वतःकडे ओढली. ‘मॅडम, खोडलेलं वाचता येते ना तुमाले?’ येत होतं. बाळाच्या आधीच्या, हाकेच्या नावावर एकच सरळ रेघ होती आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘बारशाला नाव बदलले’; खाली सही आणि तारीख. ‘ज्याले लबाडी करायची हाये,’ तो म्हणाला, ‘तो रेघेखालचं वाचू देईन का?’ मी माझ्या शेऱ्यावर एकच रेघ ओढली, ‘नोंद नीट वाचली नव्हती’ असं कारण लिहिलं, सही केली आणि वर लिहिलं, ‘ग्राह्य.’ नक्कल पदरात गुंडाळून बाई धावतच एसटी गाठायला गेली. आता मी हेच शास्त्र शिकवते, आणि माझ्या वर्गात एकच नियम आहे: व्हाइटनर आणायचं नाही.