पुसलेला प्रोसेसर

“मी जोर लावलाच नाही, किती वेळा सांगू?”

“मग आपोआप मेला का कॉम्प्युटर? सकाळपर्यंत चालत होता!”

“चालत होता? अर्ध्या कामात तापून बंद पडत होता. म्हणून तर आत बसवायला नवा पंखा आणला ना!”

आतल्या खोलीत मुलगा आणि सून भांडत होते. स्वयंपाकघरात आई पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती. कान तिकडे होते, आणि हात काही थांबत नव्हता.

शेजारणी तिला फडकेबाई म्हणत. आडनाव निराळंच होतं, पण खांद्यावरचं पिवळं फडकं कधी उतरत नसे. डाग दिसला की आधी हात जायचा, विचार मागून यायचा. नवरा म्हणायचा, “सूर्यावरही डाग आहेत म्हणे. हिचा हात पोचत नाही म्हणून राहिलेत.”

आज सकाळी सुनेने जुना पंखा उचलला, तर मधल्या वाळलेल्या पेस्टमुळे कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसरही त्याला चिकटून वर आला. तिने तो अलगद सोडवला, टेबलावर ठेवला आणि फोन आला म्हणून गॅलरीत गेली. तेवढ्यात आई आत आली. चॉकलेटच्या तुकड्याएवढी चौकोनी वडी, वर करडा लगदा फासलेला. तिने तो पुसला. उलटून पाहिलं तर खाली केसासारख्या बारीक काड्याच काड्या. एवढ्या दाटीत धूळ बसणारच! तिने तिथूनही फडकं फिरवलं, जरा घासूनच, आणि वडी होती तशी ठेवून दिली.

आता नवा पंखा गरगर फिरत होता आणि कॉम्प्युटरचा पडदा काळाठिक्कर होता. दोघांनी मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, वायरी तपासल्या, आतला बटणासारखा सेल काढून घातला. ढिम्म.

“प्रोसेसर बसत नव्हता तरी तू रेटला असणार,” मुलगा म्हणाला. “घरात ऑफिस थाटलं की असंच व्हायचं. महिनाअखेरीस ही खोली रिकामी करू. तू आपली जुनी नोकरी धर.”

सून पुन्हा वायरी चाचपू लागली. ती घरांचे आराखडे काढायची. नोकरी सोडून, या खोलीत बसून, स्वतःच्या नावावर मिळवलेलं तिचं हे पहिलंच काम होतं.

‘रिकामी’ हा शब्द ऐकला आणि आईला क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला मग भीती वाटली. सुनेने ऑफिससाठी घेतलेली खोली परत हवी, असं ती बहिणीजवळ फोनवर कितीदा तरी म्हणाली होती. पण म्हणून तिने पुसलं नव्हतं. नव्हतंच. देवाशपथ नव्हतं. मग सकाळपासून तोंडाला कुलूप का?

चहाचं निमित्त करून ती आत गेली. सुनेने प्रोसेसर पुन्हा काढून भिंगाखाली धरला होता. भोकांत सरळ बसायच्या काड्या एका कोपऱ्यात आडव्या झाल्या होत्या आणि त्यांत पिवळा धागा अडकला होता. सुनेने तो चिमट्याने ओढला. धाग्याकडे पाहिलं. सासूच्या खांद्याकडे पाहिलं. मग मूठ मिटली.

“असेल,” ती नवऱ्याला म्हणाली. “माझाच हात जड पडला असेल.”

आईने कपबशी टेबलाच्या कडेला ठेवली. त्यापेक्षा सुनेने चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

सून पेन्सिलीच्या टोकाने एकेक काडी सरळ करू लागली. तीन झाल्या. चौथी तुटली.

“झालं!” मुलगा म्हणाला. “आता बोल.”

“मी बोलते,” आई म्हणाली. “तो मी पुसला. वरून आणि खालूनही. हिने बसवायच्या आधीच काड्या वाकल्या होत्या.”

“आई, उगाच हिच्यावर पांघरूण घालू नकोस.”

“पांघरूण हिने घातलंय माझ्यावर. मुठीत काय आहे ते बघ.”

सुनेने मूठ उघडली नाही. बाहेर आईच्या नवऱ्याने पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. तोही दाराशी येऊन उभा राहिला. बरंच झालं, आईला वाटलं, एकदाच सांगावं लागेल.

“ही खोली रिकामी होणार नाही,” ती म्हणाली. “उद्या सुतार येईल आणि दाराला आतून कडी बसवेल. मी आत येईन ती हिने बोलावलं तरच, आणि फडक्याशिवाय.”