टिचबटणांची शिडी
टिचबटणाचा टक्क आवाज आला की मला बारावीतलं वर्ध्याचं विज्ञान प्रदर्शन आठवतं. पवनारला घरी बसून मी डीएनएची पीळदार शिडी केली होती. दोन तारा आणि मधल्या पायऱ्या टिचबटणांनी जोडलेल्या. वरून एकेक बटण सोडत गेलं की नक्कल कशी तयार होते ते दिसायचं. ऐन वेळी आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी ती शिडी आपल्या भाचीच्या हाती दिली. "इले बोलू दे. तू चूप राहजो." परीक्षक म्हणाले, उलगडून दाखव. भाचीने मधूनच हिसका दिला. तारा वाकल्या, पायऱ्या टेबलभर सांडल्या. सर माझ्या कानाशी आले, "सांग न इले, कसं सोडाचं." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमीच म्हनलं न सर, चूप राहजो." आजही ब्लाउजचं टिचबटण मी उगाच दोनदा उघडते.