पंप बदलायचा राहिला

मोरिवलीचा हिरामण लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत मोटारीचं काम शिकला. छावणी उठली, तिथं उल्हासनगर वसलं, आणि हिरामण अंबरनाथच्या डॉक्टर विष्णुपंतांची जुनी मोटार हाकू लागला.

त्या मोटारीचा पेट्रोल ओढणारा पंप थकला होता. हिरामणनं उल्हासनगरच्या भंगारातून दुसरा आणलाही. पण पंपाची जागा एक्झॉस्टच्या नळाखालच्या बेचक्यात. मागचा बोल्ट दिसत नाही, पाना फिरत नाही. ‘चालतंय तवर चालू द्या,’ म्हणत त्यानं महिना काढला.

बावन्न सालच्या वैशाखात, भर दुपारी, त्याचा मेहुणा बाळाजी चामटोलीहून सायकल हाणत आला. बाळाजीची बायको, हिरामणची बहीण बकुळा सकाळी बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण रक्त थांबत नव्हतं.

विष्णुपंत दोघांना घेऊन तडक निघाले. बदलापूर मागं पडलं आणि मोटारीनं दोन गचके देऊन मान टाकली. पंप गेला होता. भंगारातून आणलेला दुसरा मोटारीतच पडून होता. डॉक्टर पायानं अधू. चामटोली अजून तीन मैल.

“इंजिन निवू दे, हात भाजेल.”

“तवर बकुळाचं काय, साहेब?”

हिरामणनं हाताला सदरा गुंडाळला, तर हात आत जाईना. सदरा भिरकावून त्यानं उघडाच हात घातला. कातडी नळाला चरचरली.

“दाजी, पाना. बारका! बारका म्हंतो ना!”

जुना पंप निघाला. नवा बसवताना मागचा बोल्ट बोटांतून निसटला. दोघे मेहुणे धुळीत गुडघ्यांवर बसून चाचपत राहिले. बाळाजी रडत होता. बोल्ट सापडला, मोटार सुरू झाली.

बाळाजीच्या अंगणात बायका जमल्या होत्या. विष्णुपंत आत जाऊन लगेच बाहेर आले.

“गेली. अर्धा तास झाला म्हणतात.”

“पंप आधीच बदलला असता तर, साहेब?”

“सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?”

बाळाजीनं वळून पाहिलं. “तुला ठावं हुतं?”

“म्हैनाभर पडून हुता पंप, दाजी.”

बाळाजीनं हात उगारला नाही. घरात जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तो मोरिवलीला आला, कडेवर फडक्यात गुंडाळलेली पोर. हिरामणची बायको विठा तेव्हा आपल्या तान्ह्याला अंगावर पाजत होती.

“वैनी, ही वरचं दूध तोंडात घेत नाय,” एवढंच तो म्हणाला. हिरामणकडं त्यानं पाहिलं नाही. विठानं पोर पदराखाली घेतली, आणि ती चुटूचुटू पिऊ लागली तेव्हा बाळाजी उंबऱ्यावरच मटकन बसला.