नेफ्यातली नाडी

ताईचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, म्हणून दिवा लावूनच ती डबे भरायची. साडेसहाला प्रयोगशाळेत हजर. ती तिथं बाटल्या धुवायच्या कामावर लागली होती. नऊ वर्षांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे प्राण्यांचे काप काढायला शिकली, केसाहून पातळ. हाताला घाई नव्हती, म्हणून मुख्य संशोधक बाईंनी काप काढायच्या यंत्राचं पातं तिच्या हवाली केलं.

त्या वर्षी झोअँथिडनं तिचा घाम काढला. प्रवाळाच्या कपारीत वाढणारा गुंडीएवढा जीव. स्वतःचा सांगाडा नाही. वाळूचे कण उचलून अंगात रुतवतो आणि त्यांच्या जोरावर ताठ उभा राहतो. त्याचं कूळ ठरवायचं, तर तोंड आवळणारा स्नायू अंगाच्या भिंतीत रुतलेला आहे की आतून नुसता चिकटलेला, ते दिसायला हवं. नमुने तीनच. दोन कापताना वाळूनं पात्याला खांडे पाडले, कापांच्या चिंध्या झाल्या. साध्या आम्लानं चुन्याचे कण गेले होते, वाळू तशीच होती. प्रयोगशाळेचा भांडारवाला तिला म्हणाला, बाटल्या बऱ्या होत्या की, त्या फाटत तरी नाहीत. तिसरा नमुना बाहेर पाठवायचं ठरत आलं. तो गेला असता, तर पाठोपाठ तिच्या हातचं पातंही गेलं असतं.

ताईनं पाच दिवस मागितले. "हा फाटला तर मी आपणहून बाटल्यांवर जाते," ती बाईंना म्हणाली. "पण मधे घाई करू नका."

काच खाणारं आम्ल तिला बाटल्यांमुळेच ठाऊक होतं. काच म्हणजे वाळूच. जाड हातमोजे घालून, धूर ओढणाऱ्या कपाटात, प्लास्टिकच्या डबीत तिनं नमुना भिजत घातला. रोज धुऊन सुई टोचून पाहायची. चौथ्या दिवशीही सुई करकरली. पाचव्या दिवशी गप्प गेली. मग नमुना मेणात बसवला, पात्यावर चालवला. कापांची अखंड फीत निघाली.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग त्यांनी ताईला पुढे बसवलं.

"पिशवीची नाडी दिसतेय," ताई म्हणाली. "आणि नेफ्यातून ओवलीय. आतून नुसती चिकटवलेली नाही."

"कूळ ठरलं," बाई म्हणाल्या. भांडारवाल्यानं त्या दिवशी नवं पातं न मागता आणून दिलं.

पुढची अठरा वर्षं पातं तिच्याकडेच होतं. शेवटच्या वर्षीच्या पगारातून तिनं स्वयंपाकघराची पूर्वेकडची भिंत फोडून घेतली. दोन तावदानांची खिडकी बसली. गवंडी हत्यारं आवरत होता. ताईनं खिडकीच्या कट्ट्याच्या गिलाव्यावरून नख फिरवलं. करकरलं. तिनं तो पुन्हा घोटून घेतला, मगच पैसे दिले.